कार्टनमधलं बाळसं

डब्याचं झाकण उघडलं की जो वास यायचा, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गोड होता, पण फळाचा नाही, दुधाचा नाही, खिरीचाही नाही. लग्नाच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी सांडलेल्या आइस्क्रीमचा आणि ओल्या सतरंजीचा मिळून जो वास येतो, तसा काहीतरी. त्या पावडरीत कोमट पाणी घातलं की तिची खळ व्हायची, भिंतीवर पोस्टर चिकटवायला पोरं करतात तशी. चमचा उभा केला तर उभा राहायचा. ही खळ मला रोज माझ्या आठ महिन्यांच्या मुलीच्या तोंडात घालायची होती, आणि वर हसायचं होतं. कारण समोर फोनवर तिचा बाप बघत असायचा.

नवरा आखातात क्रेन चालवतो. आमच्या रोह्याच्या बाजूला ज्या घरातला एकही माणूस तिकडे नाही असं घर शोधून काढावं लागेल, तेव्हा यात कौतुकाचं काही नाही. मी गरोदर असतानाच त्याची सुट्टी संपली आणि तो गेला. मुलगी झाली ती त्याने फोनवर बघितली, तिचं नाव फोनवर ठेवलं, तिच्या कानात अजान दिली ती माझ्या भावाने, आणि तीही त्याने फोनवरच ऐकली. मग कार्टन यायला लागले.

कार्टन म्हणजे कार्गोने येणारा खोका. चारही बाजूंनी टेप गुंडाळलेला, वर मार्करने मोठ्या अक्षरांत पत्ता. तो उघडायला शेजारपाजार जमतो. ब्लँकेट निघतं, साबण निघतात, बदाम, दूध पावडर, एखादं घड्याळ, आणि आमच्या खोक्यात बाळाच्या खाण्याचे डबे. प्रत्येक डब्यावर एक गोरंपान, गुटगुटीत, दोन दातांचं बाळ. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूने, ते डबे शोकेसमध्ये काचेच्या पेल्यांच्या जागी मांडले होते. पेले माळ्यावर गेले. येणारी प्रत्येक बाई डब्यावरच्या बाळाकडे बघायची, मग माझ्या सावळ्या, किरकोळ मुलीकडे बघायची, आणि म्हणायची, "बाप असावा तर असा!"

माझं माहेर पेणच्या अलीकडे जित्याला. बाळंतपणाला मी तिथेच होते आणि मुलीला सहा महिने पूर्ण झाले तेव्हाही तिथेच. आईने काही वेगळं शिजवलं नाही. सगळ्यांचं जेवण दस्तरखानावर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीवर, आलं की नात मांडीवर, आणि तिखट-मीठ घालण्याआधी बाजूला काढलेलं वरण, त्यात चेचलेला मऊ भात, कधी उकडलेला भोपळा, कधी बोयीचा काटे काढून कुस्करलेला तुकडा. मुलगी दोन्ही हात ताटात घालायची. भात केसांत जायचा, कानात जायचा, आईच्या ओढणीला पुसला जायचा. मला घाणीचा लहानपणापासून तिटकारा, माझी बहीण मला चिडवायची की ही नाकाने कांदे सोलते. तरी तो पसारा बघून मला कधी शिसारी आली नाही. मुलगी खात होती. खाणाऱ्या तोंडाची घाण वाटत नाही.

मग गाडीत बसून निडी स्टेशनला उतरले, सासरी आले, आणि मुलगी खायची थांबली.

थांबली म्हणजे काय, तर तिला भूक लागायची दुपारी बारा वाजता, जशी घरातल्या सगळ्यांना लागते. चुलीवरून भात उतरला की वासाने ती रांगत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची आणि आवाज काढायची. पण तिला तेव्हा जेवायला मिळायचं नाही. आपल्याकडे दुपार कलायला लागते तेव्हा तिकडे कंपनीत जेवणाची सुट्टी होते. अम्मींनी ठरवून टाकलं होतं की बाप-लेक एकत्र जेवतील. बापाचा फोन आला की मुलीच्या तोंडात पहिला घास.

"तोपर्यंत तिने काय करायचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ए गो, बाप तिकडं उपाशी काम करतोय," अम्मी म्हणाल्या, "आन् पोरीला जरा कळ काढता येत नाय?"

आठ महिन्यांच्या पोरीने कळ काढायची! तिच्या पोटाचं घड्याळ परमुलखातल्या शिफ्टवर लावलं होतं. रडली की तिला गप्प करायला चहा. बशीत बिस्किट भिजवायचं, ते विरघळून त्याचा चिखल झाला की बोटाने तिच्या जिभेवर लावायचं. हनुवटीवरून तपकिरी ओघळ, लाळेऱ्यावर ओघळ, मानेच्या वळीत ओघळ, आणि थोड्या वेळाने त्या वळीत मुंग्या. मी दिवसातून किती वेळा ती मान धुतली असेल. आजही कुणी चहात बिस्किट बुडवलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

फोन यायचा तेव्हा ती चहा-बिस्किटाने टम्म फुगून पेंगायला लागलेली असायची. मग तिला जागं करायचं. फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा, शेजारी डबा, डब्याचं चित्र फोनकडे. अम्मी गाल धरायच्या, मी चमचा घालायचा. मुलगी जिभेने खळ बाहेर ढकलायची. ती चमच्याने हनुवटीवरून निपटून पुन्हा आत. पुन्हा बाहेर. एकदा ठसका लागला आणि खळ नाकातून आली, पिवळसर, फेसाळ. चमचा तसाच टाकून मी मोरीकडे पळाले. मागून नवऱ्याचा आवाज, "काय झालं? नेट गेलं काय?"

तो बिचारा तिकडे जेवत असायचा. मांडीवर कॅन्टीनचा डबा, त्यात खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि डाळ. "बघ, अब्बू पण खातोय, आ कर, आऽऽ," म्हणून तो स्वतः एवढा मोठा आ करायचा की सगळा पडदा त्याच्या तोंडाने भरून जायचा. जीभ, दाढा, आणि त्यांच्यामध्ये अर्धवट चावलेली रोटी. माझ्या नवऱ्याचं तोंड मला नीट पाठ झालं ते असं. मला किळस यायची आणि त्याच वेळी त्याची कीव यायची, आणि दोन्ही एकाच वेळी येणं हे एकेकटं येण्यापेक्षा वाईट असतं.

महिन्याच्या शेवटी अंगणवाडीत तिला वजनकाट्याच्या झोळीत बसवलं. काटा मागच्या महिन्याच्या जागीच थांबला.

"काय खाते?" अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं.

अम्मींनी डब्याचं नाव सांगितलं, जोरात, रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं.

"घरात भात शिजत नाय काय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही जेवता ना? तेच द्या. तुमच्याबरोबर बसवा आन् तेच द्या."

परत येताना अम्मी वाटभर माझ्यापुढे भराभर चालत होत्या. मला वाटलं त्यांना बाईंचा राग आलाय. घरी आल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, पिकतं तिथं विकत नाही हेच खरं. आपल्या वाडीत भोपळा आहे, दारात कोंबड्या अंडी घालतात, दिवसाआड खाडीची मासळी दारावर येते, आणि मुलीला काय, तर बाहेरची भुकटी. बापाला बरं वाटावं म्हणून पोरीला उपाशी ठेवायची हे कुठलं प्रेम? मला या डब्याची शिसारी आलीय, म्हटलं, आणि त्या फोनची त्याहून जास्त.

अम्मी ओट्यावर बसल्या.

"माझा नवरा पण तिकडंच होता गो," त्या म्हणाल्या. "तवा फोन नव्हता, आवाज भरलेली कॅसेट यायची. माझ्या पोरानं बापाच्या बाजूला बसून जेवून बघितलंच नाय कधी. बाप कायमचा घरी आला तवा ह्याला मिशी फुटलेली. दोघं एका दस्तरखानावर बसले तर बोलायला काय नाय. मीठ दे, पाणी दे, बस. तसं हिचं नको व्हायला."

माझा राग मात्र गेला नाही. एका माणसाची भूक भागवायला दुसऱ्याने उपाशी राहायचं, हा हिशेब मला त्या दिवशीही पटला नाही आणि आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी कुणाला न विचारता मुलीला मांडीवर घेऊन दस्तरखानावर बसले. तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं, मऊ भात होता. मसाला घालायच्या आधी मी दोन डाव वाल वाटीत काढून ठेवले होते, ते चेचले. मुलीने वाटीत हात घातला, मूठभर उचललं आणि तोंडात कोंबलं. मग अम्मींच्या ताटाकडे झेपावली. अम्मींच्या हातात भाकरीचा पापुद्रा होता. त्यांनी तो वाटीतल्या चेचलेल्या वालात बुडवून मऊ केला, माझ्याकडे न बघता तिच्या तोंडात दिला, आणि मग दुसरा दिला. मुलगी इतकी जेवली की मांडीवरच झोपली.

पुढची युक्ती माझी नव्हे, अम्मींची. फोनची वेळ झाली तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "भात घोट जरा पातळ. डबा पुढं ठेव, म्हणजे झालं." म्हणून मग रोज बाराला घरचं खरं जेवण आणि नंतर फोनसमोर नाटक. वाटीत घोटलेला भात किंवा नाचणीची पेज, बाजूला डब्यावरचं ते गोरं बाळ, मुलगी दोन-चार चमचे खुशीत खायची, बाप खूश. पावडर मी परसात कोंबड्यांना टाकली. कोंबडीने एकदा टोच मारली आणि चोच मातीला पुसली. तिच्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

मुलगी भरली. हातापायांना वळ्या पडल्या. अंगणवाडीतला काटा हलला. आणि नवरा फोनवर म्हणाला, "बघितलंस, डब्याचा गुण! इथं रूमवर सगळ्यांना दाखवतो मी तिला. आता सगळे हाच डबा पाठवणार हायेत घरी." मी हसले. गावातल्या आणखी कुठल्या तरी पोराच्या नाकातून ती खळ येणार होती, आणि त्या डब्याची जाहिरात माझ्या मुलीच्या गालांनी केली होती. आमच्या गल्लीत पहिला डबा आला तेव्हा मी त्या सुनेला पाणवठ्यावर गाठून खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "सासूला कोण सांगणार?" म्हटलं, मीच सांगते, आणि सांगितलंही. त्या सासूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नवऱ्याची इज्जत वेशीवर टांगतेय.

मुलगी सव्वा वर्षाची असताना तो सुट्टीवर आला. हातात आणखी एक कार्टन. मुलीने त्याला दारात बघितलं आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळली. सगळे हसले. "वळख व्हायला लागते," अम्मी म्हणाल्या. तोही हसला, पण त्याचे पुढे केलेले हात तसेच राहिले थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मींनी खास पेणहून जिताडा मासा मागवला होता. दस्तरखान घातला. मी काही बोलायच्या आत त्याने नवा डबा फोडला. तोच वास. स्वतःच्या हाताने मोजून पावडर घेतली, पाणी घातलं, ढवळलं, मनापासून, नमाजाआधी वजूला हात-तोंड धुवावं तितक्या शांतपणे. मी अम्मींकडे बघितलं, अम्मींनी माझ्याकडे. अम्मींनी जिताड्याचं भांडं पुढे ओढलं.

"चल, आज अब्बूच्या हातून," म्हणत त्याने चमचा पुढे केला. मुलीने माझ्याकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं, तोंड उघडलं. खळ आत गेली. मग तिचा चेहरा असा झाला की तो मी आयुष्यात विसरणार नाही, कारण तो माझाच चेहरा होता. तिने सगळी खळ त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर थुंकली. थोडी त्याच्या दाढीवर उडाली. त्याने हाताने दाढी पुसली, सवयीने बोट तोंडात घातलं, आणि थांबला.

"हे काय हाय?" त्याने विचारलं.

"बाळसं," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही.

अम्मींनी मग सगळं सांगितलं. वालाचं, पेजेचं, भाकरीच्या पापुद्र्याचं, कोंबड्यांचं. तो ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडायची तयारी ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी रोज समोर बसून जेवायचो, तवा तिचं जेवण होऊन गेलेलं असायचं." आणि कुडता बदलायला उठून गेला.

डबे त्याने स्वतः शोकेसमधून काढले. पेले खाली आले. त्याने बायकोचं ऐकलं म्हणून शेजारणी कुजबुजल्या, त्यांचं सोडा. तो आता रोज बाराला आमच्याबरोबर बसायचा. माशाचे काटे इतक्या निगुतीने काढायचा की तुकड्याचा भुगा व्हायचा. भात मऊ करून, फुंकर घालून घास पुढे करायचा. मुलगी तोंड घट्ट मिटायची. माझ्या हातून खायची, अम्मींच्या हातून खायची, शेजारच्या पोराने उष्टं बिस्किट दिलं तर तेही खायची. बापाचा हात आला की मान फिरवायची. गार झालेला तो घास तो स्वतः खायचा. सुट्टी संपत आली तरी हेच.

जायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तो दस्तरखानावरून मध्येच उठला. मला वाटलं कंटाळला. खिशातून फोन काढून तो पडवीत गेला. क्षणभराने माझा फोन वाजला. मुलीने ती रिंग ऐकली आणि हातातली भाकरी टाकून खिदळत फोनकडे झेपावली. मी फोन जगला टेकवला. पडद्यावर तिचा अब्बू. मागे आमच्याच पडवीचा खांब. त्याने आ केला. तिने आ केला. तोंडातला अर्धा चावलेला, लाळेने लडबडलेला घास काढून तिने पडद्यावरच्या त्याच्या तोंडावर चिकटवला, तळहाताने चोपला, आणि त्याने खाल्ल्यासारखं केलं. बाहेरून त्याचा आवाज आधी येत होता आणि फोनमधून मागाहून.

तो बोलत बोलत आत आला. माझा फोन त्याने उचलला, त्यावरचा तो घास बोटाने काढून खाल्ला, आणि पडदा तिच्याकडे करून तो फोन स्वतःच्या तोंडासमोर धरत तिच्यापुढे बसला. स्वतःचा फोन त्याने गुडघ्यावर उभा केला होता, कॅमेरा वर करून, म्हणजे पडद्यावर तो दिसत राहील. दुसऱ्या हाताने त्याने भाताचा घास केला आणि पुढे केला. तिने खाल्ला. आणखी एक. त्याने हळूच फोन खाली घेतला, तर तिचं तोंड मिटलं. फोन वर धरला, तोंड उघडलं.

अम्मी पदराने डोळे पुसत उठल्या. मला रडू आलं नाही. मला किळस आली, त्या भात लागलेल्या, लाळेने बरबटलेल्या काचेची नव्हे, तर या सगळ्या बंदोबस्ताची, ज्यात घरात बसलेल्या माणसाला घरातच फोन लावावा लागतो. इतकी आली की माझ्या हातातली भाकरी मी ताटात ठेवून दिली.

मुलगी त्या दुपारी बापाच्या हातून पोट भरेपर्यंत जेवली, आणि तो समोर बसलाय याकडे तिने एकदाही बघितलं नाही.